आधी टोपण, मग पंप: काईटमध्ये हवा भरण्याच्या रीती

गोव्यातल्या आश्वेच्या किनाऱ्यावर दुपारी दोनचं ऊन. मी घामाघूम होऊन पंप मारतोय, मनात आकडे मोजतोय, साठ झाले, सत्तर झाले, आणि समोर वाळूत काईट, म्हणजे काईटसर्फिंगमध्ये माणसाला पाण्यावरून ओढत नेणारा मोठा पतंग, सादळलेल्या पापडासारखा पडलेला. शिकवणारा दादा लांबून बराच वेळ मजा बघत होता. शेवटी आला, काईटच्या एका टोकाजवळ वाकून तळवा ठेवला आणि म्हणाला, "अरे, अख्ख्या अरबी समुद्रात हवा भरतोयस काय?" हवा सोडायच्या व्हॉल्व्हचं टोपण उघडंच होतं.

आठवड्याच्या कोर्समध्ये दोऱ्या, हार्नेस (काईट अंगाला जोडायचा पट्टा), वाऱ्याच्या दिशा यावर तासन् तास बोलणं होतं. हवा भरणं मात्र 'हे काय, पंप मारायचा' म्हणून दोन मिनिटांत उरकतात. आणि नवशिके अडकतात नेमके तिथेच. म्हणून हा लेख फक्त हवेबद्दल. दोऱ्या लावणं, काईट उडवणं हे शिकवणाऱ्यासमोरच शिका.

नेमकं भरतो काय?

सायकलचा टायर आठवा. बाहेर जाड आवरण, आत ट्यूब. काईटच्या पुढच्या कडेला जी जाड, वळलेली नळी असते ती लीडिंग एज. तिला काटकोनात जोडलेल्या बारीक नळ्या म्हणजे स्ट्रट. साधारण तीन किंवा पाच असतात. दोन्हींचं बाहेरचं आवरण डेक्रॉनचं, न ताणणारं. आत पातळ प्लास्टिकसारखं ब्लॅडर, म्हणजे आपली ट्यूब. हवा या नळ्यांत असते, बाकी सगळं नुसतं कापड.

ही कल्पना फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या दोन भावांची. १९८४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. काईट पाण्यात पडला तरी बुडू नये आणि तिथूनच पुन्हा उठवता यावा, यासाठी नळ्यांत हवा. संक्रांतीच्या पतंगाचा कामट्यांचा सांगाडा समुद्रात पडला की संपला. हा मात्र तरंगतो. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत वारा पडला, तर याच नळीला मिठी मारून आपल्याला परत यायचं असतं. हवा मोजून भरायची ती यासाठी.

जागा निवडताना

उत्तर गोव्यात मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात हंगामात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, बहुतेक वेळा वायव्येचा. म्हणजे हातातून काहीही सुटलं तर ते किनाऱ्याकडे, शॅककडे, सुरूच्या झाडांकडे जाणार. काईट उलगडायच्या आधी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर काय आहे ते बघा. समोर पन्नास-साठ मीटर रिकामी वाळू हवी. भरतीच्या वेळी किनारा अरुंद होतो, तेव्हा हे अंतर मिळतच नाही. मग ओहोटीची वाट बघायची, हाच उपाय.

सुरूच्या झाडांखाली सावली छान असते, पण तिथे हवा भरू नका. खाली पडलेली सुरूची बारीक खरखरीत बोंडं हाताला टोचतात तशीच कापडालाही टोचतात. शिंपल्यांचे तुकडे, काचा, मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे, सगळं पायाने चाचपून घ्या. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. दोरी लावून राखलेली जागा दिसली की तिथून लांब. वाळू उकरायची तीही तिथली नाही.

उलगडा, पण आधी बांधा

क्रम लक्षात ठेवा: पंप जमिनीवर, पंपाची दोरी काईटला, मग उलगडणं. बरेच जण उलटं करतात. गुंडाळी सोडतात, मग पंप शोधायला पिशवीत हात घालतात. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक येते आणि काईट निघतो फिरायला.

पंपाच्या तळाशी किंवा मुठीला एक आखूड दोरी असते. काईटच्या लीडिंग एजच्या मधोमध एक फास किंवा कडी असते, ती या दोरीत अडकवायची. आता वाऱ्याकडे पाठ करून, पंपावर पाय ठेवून उभे राहा. काईट तुमच्या समोर, म्हणजे वारा जिकडे वाहतोय तिकडे. लीडिंग एज तुमच्याकडे, स्ट्रट वरच्या बाजूला. हवा भरत जाईल तशी दोन्ही टोकं वर उचलली जाऊन काईट होडीसारखा दिसायला लागतो. वारा जास्त असेल तर पूर्ण उलगडू नका. एक टोक दुमडलेलं राहू द्या, नाहीतर त्या टोकावर थोडी वाळू टाका. हवा भरली की ते आपोआप मोकळं होतं.

टोपणं, चिमटे, वाळू

माझी चूक इथली. पंपाची नळी लावण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, हवा सोडायचा व्हॉल्व्ह. जुन्या काईटला तो वेगळा असतो, अनेकदा टोकाजवळ. नव्यांमध्ये बहुधा एकाच तोंडाला दोन मजले असतात: वरचं टोपण काढलं की हवा भरायची, खालची मोठी चकती फिरवून काढली की हवा सोडायची. ती खालची चकती पूर्ण पिळून बसवलेली हवी. आटे तिरके बसले तर हवा हळूहळू जाते, तेही पाण्यात गेल्यावर.

दोन, चिमटे. हल्लीच्या बहुतेक काईटना एकाच ठिकाणाहून हवा भरली की लीडिंग एजमधून छोट्या नळ्यांतून ती स्ट्रटमध्ये जाते. या छोट्या नळ्यांवर प्लास्टिकचे चिमटे असतात. भरताना ते उघडे. पूर्ण भरल्यावर बंद. बंद करायला विसरलं तरी काईट उडतो, म्हणूनच सगळे विसरतात. पण पाण्यात लीडिंग एज फाटली तर उघड्या चिमट्यांतून स्ट्रटची हवाही तिच्याबरोबर जाते आणि तरंगायला काहीच उरत नाही. जुना काईट घेतला असेल आणि प्रत्येक स्ट्रटला स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल, तर आधी स्ट्रट भरा, मग लीडिंग एज.

तीन, वाळू. व्हॉल्व्हच्या कडेला चार कण अडकले की पडदा नीट बसत नाही. बोटाने पुसा, फुंकर मारा, मग नळी लावा. पंपाबरोबर तीन-चार वेगवेगळ्या आकाराची तोंडं येतात, आपल्या व्हॉल्व्हला कुठलं बसतं ते घरीच बघून ठेवा. उसना काईट आणि स्वतःचा पंप अशी जोडी असेल तर हे आणखी गरजेचं. चुकीच्या तोंडातून निम्मी हवा बाहेर जाते आणि आपण आपल्या दंडांना दोष देत बसतो.

हातपंप: पहिली आणि खरी रीत

विजेचा पंप घ्यायचा विचार असला तरी पहिले दहा-पंधरा दिवस हातानेच भरा. काईट कुठे अडतोय, कुठे आवाज करतोय, हे हाताला कळायला लागतं.

पंप दोन तऱ्हेचे. एक फक्त दांडा खाली दाबताना हवा देतो, दुसरा वर ओढतानाही देतो. दुसरा लवकर भरतो, पण शेवटी जड जातो. म्हणून चांगल्या दुहेरी पंपाला एक खटका किंवा बूच असतं, ते फिरवलं की तो एकेरी होतो. सुरुवातीला दुहेरी, हात भरून यायला लागले की एकेरी.

आता जड का जातो? आठ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाला १० सेंटिमीटर व्यासाच्या पंपाचा दांडा दाबायला साधारण ४४ किलोचा जोर लागतो. तोच व्यास साडेसात सेंटिमीटर असेल तर २५ किलो पुरतात. दुकानदार मोठा पंप विकतो, 'कमी वेळात भरतो' म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. पण तुमचं वजन पन्नासच्या आसपास असेल तर शेवटच्या वीस दांड्यांना तुम्ही पंपावर लटकलेले दिसाल. माझी बायको बारीक पंपाने माझ्यापेक्षा चाळीसेक दांडे जास्त मारते आणि माझ्यापेक्षा कमी दमते.

दांडा मारताना कंबर वाकवू नका. दोन्ही पाय तळपट्टीवर, हात सरळ, आणि खाली जाताना गुडघे मोडून अंगाचं वजन टाका. विहिरीचा रहाट ओढणारा माणूस नुसत्या दंडाने ओढत नाही, तसंच.

नळ्यांना आकार आला पण अजून बोट रुतेल इतक्या मऊ आहेत, अशा वेळी थांबा आणि काईटभोवती एक चक्कर मारा. एखादं टोक इतरांपेक्षा चपटं दिसतंय? एखादा स्ट्रट रिकामा? स्ट्रट रिकामा असेल तर चिमटा बंद राहिलाय. टोक चपटं असेल तर आत ब्लॅडर पीळ खाऊन बसलंय. तेव्हा जोर लावून भरत राहू नका. हवा सोडा, टोकाचं कापड हाताने सरळ करा, पुन्हा भरा. पीळ असताना दाब वाढवला की बाकीच्या भागात ब्लॅडर ताणून फुटतं.

पुरेशी हवा भरली की नळी काढा. बहुतेक व्हॉल्व्हच्या आत परत न येऊ देणारा पडदा असतो, त्यामुळे घाई नको. काही जुन्या व्हॉल्व्हना तो नसतो किंवा झिजलेला असतो, तिथे नळी निघताच फुस्स. एका हाताने नळी, दुसऱ्या हातात टोपण तयार. टोपण लावा, वरची वेल्क्रोची पट्टी बसवा, चिमटे बंद करा. मग लीडिंग एजच्या मधोमध धरून काईट उलटा करा, म्हणजे ती नळी वाळूवर आणि वाऱ्याच्या तोंडाला येईल, आणि मागच्या कापडावर भरपूर वाळू टाका. दोन मुठी नाही, चांगल्या दहा-बारा ओंजळी. पंपाची दोरी यानंतर सोडायची.

किती हवा पुरे?

व्हॉल्व्हजवळ कापडावर आकडा छापलेला असतो. तोच पाळा. साधारणपणे काईटना सहा ते दहा पीएसआय लागतात. मोठ्या काईटला कमी आणि छोट्याला जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं. मोठ्याची नळी जाड असते. जाड नळीवर त्याच दाबाचा ताण शिवणीला जास्त बसतो, आणि जाड नळी कमी दाबातही ताठ राहते. म्हणून १२ मीटरच्या (म्हणजे १२ चौरस मीटर कापडाच्या) काईटवर सहा-सात दिसेल, ७ मीटरच्यावर आठ-नऊ. फुटबॉलमध्ये नियमाप्रमाणे साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय असतात, म्हणजे काईट म्हणजे थोडा नरम फुटबॉल समजा.

पंपावरचा काटा दांडा दाबताना उडतो आणि लगेच खाली येतो. दांडा दाबून तळाशी धरून ठेवा, काटा स्थिर झाला की वाचा. खाऱ्या पाण्याने काटे लवकर बिघडतात, तेव्हा हाताचीही परीक्षा शिकून घ्या. लीडिंग एजवर टिचकी मारा. धप्प आवाज आला तर हवा कमी आहे. तबल्याच्या चाटीसारखा टणक आवाज यायला हवा. दुसरी परीक्षा, टोक धरून आतल्या बाजूला वाकवा. सुरकुती पडली तर आणखी दहा दांडे.

नवशिके फुटेल या भीतीने कमी भरतात. पण हातपंपाने नवा, धड काईट फोडणं सोपं नाही, तुमचे हात आधी हार मानतात. हवा कमी असेल तर मात्र झोताबरोबर काईट मधून दुमडतो, दिशा ऐकत नाही, आणि पाण्यात पडल्यावर ओल्या गोधडीसारखा उठतच नाही.

एक गोष्ट उन्हाची. वाळूवर तापलेल्या काईटमधली हवा ४५ अंशांवर असताना तुम्ही आठ पीएसआय भरले आणि २८ अंशांच्या पाण्यात तो पडला, तर दाब पावणेसातच्या आसपास येतो. तुम्हाला वाटतं व्हॉल्व्ह गळतोय. उलट, भरलेला काईट जेवणाच्या सुट्टीत तासभर उन्हात ठेवला तर दाब वाढत जातो, आणि जुन्या शिवणी तेव्हाच उसवतात. माझा मावसभाऊ दुबईत काईट बीचवर खेळतो. चहाला जायचं असलं तरी तो चार सेकंद हवा सोडून जातो, आल्यावर दहा दांडे मारतो.

विजेचे पंप

स्टँडअप पॅडलबोर्डसाठी, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फुगवता येणाऱ्या बोर्डासाठी, मिळणारे विजेचे पंप काईटलाही चालतात. त्यातले चांगले दोन टप्प्यांत काम करतात: आधी पंख्याने भरपूर हवा, मग छोट्या पिस्टनने दाब. पाहिजे तो आकडा लावून ठेवला की तिथे पोचल्यावर स्वतः थांबतात. आकडा लावताना एकक बघा, आणि आधीचा आकडाही. बोर्डाला पंधरा पीएसआय लागतात आणि पंप शेवटचा आकडा लक्षात ठेवतो. मित्राच्या बोर्डानंतर तोच पंप तुमच्या १२ मीटरच्या काईटला न बघता लावलात, तर तो इमानदारीत पंधरापर्यंत जाईल.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे पंप स्वस्त आहेत, पण गोव्यात गाडी किनाऱ्यावर नेणं बेकायदा आहे. रस्त्याकडेला भरून फुगलेला काईट झाडांमधून आणायचा म्हणजे संकटाला आमंत्रण. बॅटरी आतच असलेला पंप घ्या. विमानाने मदुराईला उतरून पुढे काईट खेळायला रामेश्वरमला जाणार असाल, तर सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात ठेवा. १०० वॅट-अवरपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीला आधी विचारा.

आणखी एक. विजेचा पंप हलका असतो आणि त्यावर कोणी उभं नसतं. हातपंपाला तुमच्या वजनाचा नांगर असतो, इथे तो नाही. काईट वाळूने भरलेल्या पिशवीला बांधा किंवा मित्राला धरायला सांगा. आणि पंप गुणगुणतोय तोवर मोबाईल बघत बसू नका. टोकाचा पीळ त्याला कळत नाही.

मी स्वतः आता मिश्र रीत वापरतो. गादीत हवा भरायचा छोटा पंखा असतो, त्याने पहिलं पोट भरतो, आणि वरचा दाब हाताने. स्वस्त पडतं आणि शेवटचे दांडे हातात राहतात.

हे करू नका

हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे, पेट्रोलपंपावर हवा भरायला काईट नेऊ नका. गाडीच्या टायरला तीस-पस्तीस पीएसआय लागतात, त्यांच्या टाकीत त्याच्या कितीतरी पट दाब असतो, आणि काईट फाटायला दोन सेकंद जादा पुरतात. डायव्हिंगच्या सिलिंडरचंही तेच. तोंडाने फुंकायचा विचारही सोडा. दाब तर येत नाहीच, वर आत दमट हवा जाऊन ब्लॅडर एकमेकांना चिकटतं.

पंप न लागणारे काईट

पॅराग्लायडरसारखे दिसणारे, नळ्या नसलेले काईटही असतात. त्यांच्या पुढच्या कडेला तोंडं असतात, वारा तिथून आत शिरतो आणि आतला पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काईटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, मार्सेयच्या समुद्रात, त्या याच काईटवर. वाऱ्याला तोंड देऊन मधली कड थोडी उचलून धरली की तो स्वतःच श्वास घेतो. सोपं वाटतं ना? पण पाण्यात पडून आत पाणी शिरलं की नवशिक्याचं काम नाही. पहिला काईट नळ्यांचाच घ्या.

हवा टिकत नसेल तर

संध्याकाळी घरी हॉलमध्ये काईट भरून ठेवा, चिमटे बंद करून. सकाळी कुठला भाग मऊ झालाय ते बघा. फक्त एक स्ट्रट मऊ असेल तर गळती तिथेच. सगळं थोडं थोडं मऊ असेल तर आधी व्हॉल्व्हवर भांड्यांच्या साबणाचं पाणी लावा, कारण दहातल्या सहा-सात वेळा दोषी तोच निघतो, निदान माझ्या काईटच्या बाबतीत. बुडबुडे आले नाहीत तर ब्लॅडर बाहेर काढावं लागेल. काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना लांब सुतळी बांधा, नाहीतर परत आत ओढताना बायको-मुलांसकट सगळं घर कामाला लागतं.

बाहेर काढलेलं ब्लॅडर नुसतंच थोडं भरा, दाब देऊ नका, आवरणाशिवाय ते फुग्यासारखं ताणत जातं. बादलीत एकेक वीत बुडवत न्या. बुडबुडा दिसला की कोरडं पुसून पेनाने भोवती मोठं वर्तुळ काढा. मोठं अशासाठी, की पुसताना मधली खूण जाते. ब्लॅडरवरची टाल्क पावडर झटकून टाका, स्पिरिटने पुसा, ठिगळ लावून वर दोन जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.